मठातली बिनफोडणीची आमटी

ते प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, विहिरीतली प्रेते पुष्कळ पाहिली. बहुतेक आता आठवत नाहीत. हे आठवते, कारण त्यासाठी मी मठात राहून भांडी घासली.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. पोलिसात बायका मोजक्याच होत्या. मी मराठी चौथी शिकलेली, अंगाने थोराड, म्हणून मला घेतले. बायकांची झडती घेणे, त्यांना कोर्टात नेणे-आणणे, एवढेच आमचे काम. पिंपरीला तेव्हा औषधाचा कारखाना उभा राहत होता. त्या बांधकामावरचा एक गवंडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भोसरीच्या चौकीत आला.

त्याची विधवा बहीण भोसरीच्या पुढे, चाकण रस्त्याकडच्या एका मठात होती. तो मठ म्हणजे एका पंथाची मुख्य गादी. तिने तिथे दीक्षा घेतली होती. दीक्षा घेतलेली बाई माहेरी जात नाही, म्हणून दर भाऊबीजेला भाऊच मठाच्या दारात जाऊन ओवाळून घ्यायचा. यंदा दारावरच्या सेवेकऱ्याने त्याला सांगितले, ती यात्रेला गेली.

"यात्रेला जाईल, पर भाऊबीज टाकून न्हाई जायची," गवंडी म्हणाला. "साहेब, ती जित्ती हाय का न्हाई एवढं सांगा. बाकी मला काय नको."

फौजदारांनी जमादारांना मठात पाठवले. जमादार प्रसाद खाऊन परत आले. महाराजांनीही यात्रेचेच सांगितले होते, आणि मठातल्या बायका पुरुषांसमोर तोंड उघडत नव्हत्या. मग फौजदारांनी मला बोलावले.

"बाई, तुम्ही आत जाऊन राहा. नवऱ्याने टाकलेली आहे, आसरा पाहिजे, असं सांगा."

"त्यातलं टाकलेली तर खरंच आहे, साहेब," मी म्हटले.

मला ठेवून घेतले. काम करणारे दोन हात कुठलाही मठ परत पाठवत नाही. पहाटे घंटा, मग झाडलोट, शेण, दळण, चूल. मठ आणि पोलीस लाईन यांत मला फारसा फरक दिसला नाही. दोन्हीकडे घंटेवर उठायचे आणि वरच्याला उलट विचारायचे नाही. फक्त लाईनीत शिव्या उघड देतात.

स्वयंपाकघर आक्कांच्या हाताखाली होते. साठी उलटलेल्या, काटक बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी मला मठाची रीत सांगितली. दीक्षा घेतली की माहेर-सासर तुटले. तिकडे कोणी मेले तरी सुतक नाही. सुतक फक्त मठातल्या गुरुभावाचे आणि गुरुबहिणीचे.

या मठाची ख्याती सापासाठी होती. मठाच्या हद्दीत विष चढत नाही, असे लोक मानत. साप चावलेल्याला बैलगाडीत घालून आणत आणि महाराज तीर्थ पाजत. बिनविषारी साप चावलेली माणसे वाचत, त्यांचा बोलबाला होई. बाकीच्यांची श्रद्धा कमी पडली, असे सांगत.

त्या बहिणीचे नाव काढले की बायका उठून जात. जात्यावर, पाण्यावर, सगळीकडे विचारून पाहिले. एकच उत्तर, तेही त्याच शब्दांत: यात्रेला गेली. चार माणसे एकच वाक्य बोलायला लागली की ते कोणीतरी पढवलेले असते, हे मला चौकीत कळले होते.

एक दिवस मी पंगतीत वाढताना एक म्हातारा सेवेकरी पुटपुटला, "आमटीला चवच न्हाई. बायका रुसल्यात जणू."

"पहिल्यापासून अशीच असते का, बाबा?"

"छ्या. आक्काच्या हातची आमटी म्हंजे दोन भाकरी जास्त जायाच्या. आता आठवडा झाला, नुसतं उकडलेलं डाळीचं पाणी."

मी आले तेव्हापासून आमटीला फोडणी नव्हती. तळणही नव्हते. बैराग्यांचे जेवण असेच असेल, असे मी धरून चालले होते. आता चुलीकडे लक्ष ठेवले. महाराजांचे जेवण वेगळ्या चुलीवर व्हायचे. त्यांच्या वाटीभर आमटीत मोहरी तडतडत होती. म्हणजे नियम महाराजांचा नव्हता. तो बायकांचा होता, आणि महाराजांना कळू नये म्हणून त्यांच्यापुरती फोडणी चालू होती.

आपल्याकडे फोडणी कधी बंद होते, हे कुठल्याही बाईला विचारा.

दुपारी बाकीच्या नदीवर धुण्याला गेल्या होत्या. आक्का पीठ मळत होत्या. मी समोर बसले.

"आक्का, कोण वारलं?"

"कोण न्हाई. का गं?"

"फोडणी बंद आहे."

"माझा चुलता वारला गावाकडं."

"तुम्हीच सांगितलंत, घरचं सुतक इथं नसतं. मग गेली ती गुरुबहीण कोण?"

त्यांनी पिठातून हात काढला नाही. "तू हायस तरी कोण?"

"पोलीस."

"मला वाटलंच. टाकलेली बाई एवढं जेवत न्हाई."

  त्यांनी गोळा मळून झाकून ठेवला आणि मग सांगायला लागल्या.

गवंड्याची बहीण सरपण काढायला गेली, ढिगात हात घातला आणि साप डसला. सकाळची वेळ. बायका म्हणाल्या, गाडी जुंपा, पुण्याच्या दवाखान्यात न्या. महाराज म्हणाले, मठातलीच बाई दवाखान्यात नेली तर उद्या इथे कोण येईल? तीर्थ पाजत राहिले. दिवेलागणीला ती गेली. केळीच्या बागेमागे पुरले आणि बायकांना ताकीद दिली, कोणी रडायचे नाही, कोणाला सांगायचे नाही.

"सुतक पाळू नका, असं न्हाई म्हणाले," आक्का म्हणाल्या. "त्येंच्या ध्यानातच आलं न्हाई. भावाला कळवायचं न्हाई, मग तिचं सुतक कुणी धरायचं? आमीच धरलं."

मी भोसरीला जाऊन फौजदारांना सगळे सांगितले. फोडणीचे ऐकून ते हसले नाहीत. त्यांनी मामलेदारांची परवानगी काढली, पंच आणि डॉक्टर बोलावले. केळीमागची जमीन उकरली. हातावरच्या गोंदणावरून गवंड्याने बहीण ओळखली. पंचनाम्यावर अंगठा उठवला आणि बाजूला जाऊन बसला.

पुढे जे झाले ते सांगायला बरे नाही. मृत्यू लपवल्याचा आणि पुरावा नाहीसा केल्याचा गुन्हा शाबीत झाला. मरू दिल्याचा झाला नाही. आपण श्रद्धेने उपचार केला, असे महाराज म्हणाले आणि शिष्यांनी तशी साक्ष दिली. जबाब दिलेल्या बायका कोर्टात फिरल्या. आक्का एकट्या फिरल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांचे गाठोडे मठाबाहेर ठेवलेले होते. या वयात कुठे जाणार, असे मी विचारले, तर म्हणाल्या, "हे आधी विचारायचं व्हतं." पुढे त्या आळंदीकडे घरोघर भाकऱ्या भाजत होत्या, असे ऐकले. महाराज थोड्याच दिवसांत सुटून आले आणि मठ पुन्हा भरू लागला.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. माणूस धाकाने तोंड बंद ठेवतो, पण मेलेल्याचे देणे बुडवत नाही. म्हणून पुढच्या तपासात घरातली माणसे काय बोलतात यापेक्षा घरात काय बंद पडले आहे, ते मी आधी पाहिले. दुसरी गोष्ट, जो खरे बोलतो त्याच्या राहण्या-खाण्याची सोय कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

निकालाच्या दिवशी गवंड्याने मला कोर्टाच्या आवारात गाठले.

"बाई, त्या सकाळी गाडी जुंपली असती तर वाचली असती का?"

डॉक्टर माझ्यासमोर बोलले होते. दिवसभर तग धरला, म्हणजे वेळ होता. पुण्यात विषावरची सुई मिळत होती.

"वाचली असती," मी सांगितले.

त्याने मान हलवली, डोक्याला मुंडासे गुंडाळले आणि पिंपरीच्या वाटेने कामावर गेला. मागून जमादार मला म्हणाले, खोटे बोलायला काय जात होते, त्याला बरे वाटले असते. मी म्हटले, त्याच्याशी खोटे बोलणारे मठात पुष्कळ होते.