काळ्या पानांवरचे अकरा फोटो

बाळांनो, गेल्या महिन्यात तुम्ही दोघांनी फोनवर आईचा लहानपणीचा फोटो मागितलात. शाळेसाठी कुटुंबाचा तक्ता करायचा होता. बाबांचे, त्यांच्या आईवडिलांचे, माझे, आजोबांचे फोटो तुमच्याकडे होते. आईच्या चौकोनात मात्र तिचा पासपोर्टचा फोटो होता. मी काही बोलायच्या आत धाकटीनंच मला समजावलं, "आजी, तुला माहीत नाही का? ते सगळे वाळवीनं खाल्ले." मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर दिवसभर मला दुसरं काही सुचलं नाही.

वाळवीनं ते फोटो खाल्लेले नाहीत. त्यांतून तुमच्या आईला मी कापून काढलं होतं.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला थेट वाचता आलं असतं. माझी शाळा नगरची, इंग्रजी माध्यमाची, आणि पत्रं मी अजून त्याच भाषेत बरी लिहिते. पण मराठीत लिहिलं की तुमच्या आईला ते तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं लागेल. कुठलं वाक्य वाचायचं आणि कुठलं गाळायचं, ते तिनं ठरवावं. तेवढा हक्क तिचा आहे.

तुमच्या आईनं लग्न ठरवलं तेव्हा आष्टीतलं आपलं कापडाचं दुकान आजोबा चालवत होते. तुमचे बाबा तेलगावकडचे. त्यांचे आईवडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. पोरगा उसाच्या पाचटाच्या झोपडीत, त्यांच्या कोपीत, कंदिलाजवळ बसून शिकला आणि इंजिनियर झाला. आज मी हे शेजारणींना कौतुकानं सांगते. तेव्हा आजोबांना एकच दिसलं की मुलगा आपल्यातला नाही. लग्न पुण्यात झालं. आपल्याकडून कुणी गेलं नाही. मीही गेले नाही.

त्याच वर्षी माझ्या नणंदेच्या मुलीची सोयरीक बघणं चाललं होतं. वन्सं लवकर विधवा झाल्या आणि मुलीला घेऊन आपल्याच घरी राहिल्या, त्यामुळे पाहुणे आपल्याकडे येणार होते. आपल्याकडे तेव्हा रीतच होती, पोहे-चहा झाला की घरातले अल्बम पाहुण्यांच्या मांडीवर ठेवायचे. नातीगोती कुठे, लग्नं कशी झाली, घर कसं आहे, हे त्यातून कळायचं. आजोबा म्हणाले, "अल्बम जाळून टाक. ही कोण म्हणून विचारलं तर काय सांगायचं?"

मी म्हणाले, "जाळू नका. मी तिला तेवढी काढून घेते."

मला ती तडजोड वाटली होती. फोटो वाचवले, असंच मी स्वतःला सांगत होते. दुपारी दुकान बंद करून आजोबा जेवून आडवे झाले, आणि मी नखं कापायची वाकड्या पात्याची कात्री घेऊन टेबलाशी बसले. माझ्या हाताला कुठलंही काम अर्धवट करता येत नाही. फ्रॉकच्या झालरीच्या एकेका लाटेवरून कात्री फिरवली. वेणीच्या रिबिनीची टोकंसुद्धा तुटू दिली नाहीत. एका फोटोत ती नुकतीच चालायला लागलेली होती आणि तिनं माझं बोट मुठीत धरलं होतं. बोट तिच्याकडे ठेवायचं की माझ्याकडे, यावर मी बराच वेळ घालवला. शेवटी बोट तिच्याबरोबर गेलं.

असे अकरा फोटो. ते मी पुन्हा अल्बममध्ये जागच्या जागी लावले. अल्बमची पानं पांढरी होती.

पाहुणे आले. मुलाच्या मावशीनं अल्बम उघडला. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. "इथं कोण होतं?"

वन्सं पुढे झाल्या. "वाळवी लागलती."

त्या बाईनं आणखी दोन पानं उलटली. प्रत्येक पानावर आमच्यामध्ये एक पांढरी मुलगी उभी होती. तिनं अल्बम मिटला आणि मोठ्यानं म्हणाली, "तुमच्याकडची वाळवी लई हुशार हाय बाई. एकट्या पोरीलाच खाती."

पुरुष हसले. आजोबा उठून दुकानात गेले. सोयरीक जमली. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं, आष्टीत कुणाला माहीत नव्हतं? मुलाचे वडील जाताना दारात चप्पल घालता घालता मला हळूच म्हणाले, "पोरगी बरी हाय ना तिकडं?" मी मान हलवली. खरं म्हणजे मला ठाऊक नव्हतं.

कापलेले तुकडे मी टाकले नाहीत. माझी जाड इंग्रजी डिक्शनरी होती, तिच्यात ठेवले. वयाप्रमाणे, सगळ्यांत लहान पुढच्या पानांत आणि मोठी होत गेलेली मागच्या पानांत, पुस्तक फुगू नये म्हणून मध्ये अंतर सोडून. ते पुस्तक माझ्याखेरीज कुणी उघडत नसे. आजोबा म्हणायचे, "हे चोरसुद्धा नेणार नाही." मग ते कपाटावर गेलं. वर्षं गेली. तुमचा जन्म झाला, आईशी फोनवर बोलणं सुरू झालं, आजोबा वारले. पुस्तक मी खाली काढलं नाही. माझे कपड्यांचे कप्पे, बरण्या, औषधं, सगळ्यांवर चिठ्ठ्या आहेत. हे एकच काम मी वीस वर्षं टाळलं.

तुमच्या फोननंतर दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून ते काढलं. वरच्या पत्र्यातून कधीतरी पाणी झिरपलं होतं आणि पुस्तकाचा मागचा भाग विटेसारखा झाला होता. पुढच्या पानांतले सात तुकडे चांगले निघाले. मागचे चार पानांना चिकटले होते. मी पातळ सुरीनं सोडवायला गेले तर रंग कागदावर राहिला आणि हातात पांढरा पापुद्रा आला. नववीपासून पदवीपर्यंतची तुमची आई त्या पापुद्र्यांत होती.

सात तर परत बसवू, असं मी ठरवलं. जुना अल्बम पिवळा पडला होता, म्हणून आधी पांढरा ड्रॉइंगचा कागद आणला. फोटो ठेवला, त्यात तिचा तुकडा बसवला. तुकडा बरोबर बसला, कापलंच तसं होतं. पण कडेनं केसाएवढी पांढरी रेघ दिसू लागली. पोलीस पंचनाम्याला खडूनं आखतात, तशी ती रेघ तिच्याभोवती होती. मी तो कागद उचलून ठेवला.

मग मला आजोबांचं काळं पॉपलिन आठवलं. दुकानात गादीखाली ते एक वार काळं कापड घडी करून ठेवत. गिऱ्हाईक फिक्या रंगाच्या साडीपाशी अडलं की ते कापड गादीवर पसरायचे आणि वर साडी टाकायचे. तीच साडी, पण तिचा मोतिया रंग एकदम उठून यायचा. "काळ्यावर रंग बोलतो," असं ते म्हणत. फक्त लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली की ते कापड आत जायचं. शुभकार्याच्या खरेदीत काळं समोर दिसू द्यायचं नाही.

नगरहून काळा जाड कार्डकागद मागवला. पहिलाच फोटो ठेवला आणि मला पदर डोळ्याला लावावा लागला. विटून गेलेला लाल फ्रॉक पुन्हा लाल दिसत होता. कापलेली रेघ केसांपाशी तर नाहीशीच झाली, आणि फ्रॉकवर बारीक पेन्सिलीनं काढल्यासारखी राहिली.

मग मी आठ दिवस तेच करत बसले. काही गोष्टी चुकत चुकत कळल्या, त्या धाकटीला कधी उपयोगी पडतील म्हणून लिहिते. रंगीत फोटो काळ्यावर सरळ लावावा. कृष्णधवल फोटो लावला तर त्याच्या कडा कागदात बुडून जातात, म्हणून त्याखाली दोऱ्याएवढा दिसेल असा मोतिया कागद आधी लावावा. पानावर गर्दी करू नये, काळ्यावर रिकामी जागा रिकामी वाटत नाही. चंदेरी पेन दुकानात छान दिसतं पण पान तिरकं धरलं की अक्षर चकाकतं आणि वाचता येत नाही. साधी पांढरी पेन्सिल बरी. फोटोंचे कोपरे अडकवायला मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांचे त्रिकोण केले.

वन्सं हे सगळं दारातून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी आत आल्या.

"वहिनी, काळ्यावर कावून लावता? सवाशीण हाय पोरगी. लेकरंबाळं हायेत तिला."

मी म्हणाले, "वन्सं, पांढऱ्यावर लावून पाहिलं होतं की आपण एकदा."

त्या गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि पाकिटांचे त्रिकोण कापायला लागल्या. कापता कापता म्हणाल्या, "ती वाळवी माझ्याच तोंडातून निघालती. लिवताना तेबी लिवा." म्हणून लिहिलं आहे. पण तुम्ही त्यांना बोल लावू नका, आणि आजोबांनाही नको. कात्री माझ्या हातात होती.

उरलेल्या चार फोटोंचं काय करावं ते कळेना. पांढऱ्या पानावर कापलेली जागा म्हणजे नुसतं भोक होतं. काळ्या पानावर तसं राहीना. आम्ही सगळे लिंबागणेशच्या देवळापुढे उभे आहोत आणि आमच्यामध्ये दोन वेण्यांची एक काळी मुलगी उभी आहे, असं दिसत होतं. मला त्या पानाकडे बघवेना. वन्सं म्हणाल्या, "फुलं लावा तिथं." आम्ही रंगीत कागदाची फुलं करून त्या जागा भरल्या. पानं बारशाच्या पत्रिकेसारखी दिसायला लागली.

शेवटी तुमच्या आईला फोन केला आणि तुम्हाला सगळं सांगणार आहे, असं म्हणाले.

ती म्हणाली, "आई, वाळवीच राहू दे ना. मुलांना तू आवडतेस."

"तुला माहीत होतं, मी कापलं ते?"

"पहिल्यापासून. ताईनं तेव्हाच सांगितलं, त्या मावशीच्या टोमण्यासकट." ताई म्हणजे वन्संची मुलगी.

"आणि तरी तू त्यांना वाळवी सांगितलंस?"

"मग काय सांगणार होते? आजीनं कापलं?"

मी फोनचा कॅमेरा पानांवर धरून एकेक पान तिला दाखवलं. मुठीत बोट धरलेल्या फोटोवर म्हणाली, "थांब." मी थांबले. "हे बोट कुणाचं, माझ्या बाजूला आलंय ते?"

"माझं."

मी पान उलटलं. देवळाचं पान आलं तेव्हा तिचा आवाज चढला. "ही फुलं कसली? काढ ती. आधी काढ. मी तिथं होते, आई. होते एवढं तरी दिसू दे."

"मग मुलांना?"

"लिही तू. वाचायचं की नाही ते मी बघते."

फुलं मी त्याच दिवशी काढली. गोंद ओला होता, कागदाला इजा झाली नाही. अल्बमला बाहेरून आजोबांचं काळं पॉपलिन लावलं आहे. दुकान भाड्यानं दिलं तेव्हा गादीखाली सापडलं होतं. पार्सल या चिठ्ठीबरोबरच निघेल. तुमच्या तक्त्यासाठी लागेल तो फोटो त्यातून घ्या, कोपऱ्यातून अलगद सरकवला की निघतो. तुम्ही हे ऐकत असाल तर तुमच्या आईनं वाचलं आहे. नसाल, तर तिचं बरोबर आहे.

अल्बममध्ये फोटो अकरा आहेत. सातांत तुमची आई आहे, तीन महिन्यांपासून बारा वर्षांपर्यंतची. त्यांतल्या एकात तिच्या मुठीत माझं बोट आहे. चारांत तिची जागा काळी आहे.