बेरेटीचा देठ

मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि आजवर मी मन लावून लिहिलेलं काही असेल तर ते रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीतले निष्कर्ष. तेव्हा एका जिवंत माणसावर लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण माझे घरमालक स्वतःबद्दल कधी लिहिणार नाहीत, आणि छावणीतले लोक त्यांच्याबद्दल जे सांगतात त्यात टोपी तेवढी असते, माणूस नसतो. म्हणून हे धाडस.

भर मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, डोक्यावर शुद्ध लोकरीची टोपी घालून, कपाळावर घामाचा एक थेंब न येऊ देता रस्त्यानं चालणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि तो म्हणजे आमचे घरमालक काका. त्याला टोपी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "टोपी कुणी बी घालतं. ही बेरेट हाय," असं ते सांगत आणि दोन बोटांनी ती उजव्या कानाकडं आणखी थोडी झुकवत. छावणीच्या बाजारात त्यांचं गणवेश शिवायचं दुकान होतं. फौजेतली आणि कॉलेजच्या छात्रसेनेतली पोरं नव्या कोऱ्या बेरेटी घेऊन त्यांच्याकडं आकार द्यायला येत. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बेरेटींना आकार देता देता त्यांनी स्वतःसाठी त्रेसष्ट जमवल्या होत्या. दूध घ्यायला काळी, बँकेत जायला निळी, लग्नाला राखाडी. एक लाल-तपकिरी होती, ती मात्र कधीच घालत नसत. "ती इमानातून छत्री घेऊन उडी मारणाऱ्या फौजींची हाय. आपण जिन्यावरून उतरताना कठडा धरतो," असं म्हणून ते ती नुसती पुसून ठेवत.

मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, जात, टक्केवारी यातलं काहीच विचारलं नाही. खिशातून टेप काढली, माझ्या डोक्याभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "पावणेबावीस. ठीक. सामान कधी आणतो?" त्या दिवसापासून मी पावणेबावीस झालो. गल्लीत सगळ्यांचीच अशी नावं होती. दूधवाला सव्वातेवीस होता. "डोकं मोठं, हिशोब कच्चा," असं त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तोही "चाचा, बडे सर का बडा दूध पियो" म्हणून मापात थोडं जास्तच ओतायचा. माणसाचं नाव काकांच्या लक्षात राहत नसे, डोकं मात्र वीस वर्षांनी ओळखत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक काळी बेरेट दिली, पण द्यायची त्यांची रीत निराळी. आधी ती गरम पाण्यात बुचकळली, मग गार पाण्यात, पिळली आणि तशीच ओली माझ्या डोक्यावर बसवून दाबली. "आता वाळंपर्यंत काढायची नाय. वाळली की ती तुझ्या डोक्याची झाली, मग दुसऱ्याला बसत नाय." मी तीन तास गॅलरीत बसून गणित सोडवलं. कानामागून पाणी वहीवर टपकत होतं, आणि खालून जाणारा प्रत्येक माणूस वर बघून म्हणत होता, "नवा भाडेकरू आला वाटतं."

जुनी बेरेट दिसली की काका आधी ती उलटी करत, आतली चामड्याची पट्टी बघत, मग उजेडाकडं धरून कसर लागली का ते शोधत, गालावर घासत, आणि शेवटी मुठीत चुरगाळून सोडून देत. जी उठून बसली ती खरी. नवीवर त्यांचा विश्वास नव्हता. गुरुवारच्या बाजारात ते तिचा एक धागा ओढून काडीनं पेटवत. केस जळल्याचा वास आला तर लोकर, गोळी झाली तर प्लास्टिक. विकणारा ओरडायचा, "चाचा, लेना है तो लो, दुकान को आग मत लगाओ!" आणि किंमत? ती ते रुपयात सांगत नसत. "ही हरवली तर मी एक वेळ जेवणार नाय. ही हरवली तर दोन दिवस." असा प्रत्येकीचा भाव ठरलेला. सगळ्यात जुनी होती ती गडद निळी, जुन्या कपड्यांच्या गाठोड्यात सापडलेली, आतल्या शिक्क्यातली तीनच अक्षरं उरलेली. तिचा भाव विचारला की ते म्हणत, "तिचं नको विचारू."

काकांना लोकरीचं नाक होतं. एकदा मी गावाहून आलो, पिशवी ठेवली, आणि ते हवेत हुंगून म्हणाले, "मेंढी." मी कानापर्यंत लाल झालो. वडील काय करतात असं विचारलं की मी कॉलेजात "शेती" सांगायचो. शेती आहे दीड एकर. पण वडील गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला, मेंढ्यांमागं हिंडतात आणि चालता चालता चातीवर सूत कातत राहतात. काकांना मी म्हणालो, "नाही काका, घोंगडीचा वास असेल."  माझी पिशवी त्या दिवशी त्यांनी स्वतः उचलून आत ठेवली.

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीनं त्यांना पुण्याला यायला राजी केलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते. फ्लॅट लहान, मुलगी म्हणाली, "बाबा, एक ट्रंक आणा, बाकी नको." काकांना बाकीच्यांची काळजी नव्हती. आपल्यामागं त्या निळीला कोण सांभाळणार, एवढंच त्यांना खात होतं. मग आम्ही बेरेटींच्या मुलखातल्या, म्हणजे फ्रान्समधल्या, एका म्हाताऱ्या जाणकारांना शोधून काढलं. त्यांनी आपल्या गावातल्या घरी दोन खोल्यांत बेरेटी मांडून ठेवल्या होत्या, कुणीही जाऊन बघाव्यात अशा. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी काकांची पत्रं लिहायचो. जाणकारांनी कळवलं, वरून आणि खालून स्वच्छ फोटो पाठवा, मग इथं ठेवून घ्यायची का ते ठरवू.

काका बँकेत गेले होते. मी निळी ब्रशनं साफ केली, खिडकीत ठेवली. वर मधोमध एक आखूड धागा उभा होता, बोटाच्या पेराएवढा; फौजी बेरेटींवर मी तसा कधी बघितला नव्हता. आमच्याकडं घोंगडीचे सुटे धागे कापूनच ती बाजारात नेतात. सुटा धागा म्हणजे आळशी हात. मी कात्री घेतली आणि कापला. आनंदानं कापला.

काका आले, त्यांनी बेरेट हातात घेतली, आणि त्यांचा अंगठा वर जाऊन तिथंच थांबला.  मग ते हळूच म्हणाले, "पावणेबावीस, इथं देठ होता. विणकाम तिथून सुरू होतं. वांग्याचा देठ तोडला तर ते वांगं दिसतं का रे?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. खानावळीतून आणलेला त्यांचा डबा संध्याकाळी तसाच राहिला. सकाळी बघितलं, तेव्हाही झाकण लागलेलंच होतं.

मी पहिली एसटी धरली. वडील माळावर सापडले. वांग्याचं तेवढं सोडून मी सगळं सांगितलं. ते चाती फिरवत ऐकत होते. "टोपीला देठ?" ते म्हणाले. "वांग्यावानी?" दोन माणसं एकमेकांना कधी न भेटता एकच बोलली, आणि त्या अवस्थेतही मला हसू आलं. त्यांनी काळं सूत वीतभर तोडलं, माझ्याकडं बघितलं, आणि आणखी हातभर तोडलं. "ऱ्हाऊ दे. तिथं कमी पडलं तर कुठं धावत येतो. त्यांना म्हणावं, पोरगं शिकलंय पर धांदरट हाय."

दुपारी मी काकांपुढं सूत ठेवलं आणि म्हणालो, "माझ्या वडिलांनी कातलंय. ते मेंढ्या राखतात." काकांनी सूत हुंगलं. "म्हायती हाय," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासनं म्हायती हाय. तूच सांगायची वाट बघत होतो." मग सुईनं त्यांनी ते मधोमध ओवलं, गाठ मारली, साबणाच्या कोमट पाण्यात बोटं बुडवून चोळत राहिले. तासाभरात तिथं एक काळा, राठ, थोडा आडदांड देठ उभा राहिला. काकांनी मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "आण तो डबा."

फोटोबरोबर पत्र लिहिताना त्यांनी बजावलं, "देठ नवा हाय, हे लिही. कुणी कापला ते लिहायची गरज नाय." उत्तर आलं, प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. निळी पोस्टानं गेली, सोबत उत्तरासाठी मुलीचा पुण्याचा पत्ता. त्यानंतर महिनोन् महिने काहीच नाही.

दिवाळीनंतर काका पुण्याला गेले. जाण्याआधी त्यांनी टेप घेऊन गल्ली पालथी घातली आणि ज्याचं डोकं ज्या मापाचं, त्याला तशी बेरेट, ओली करून, डोक्यावर दाबून दिली. एका रविवारी आमच्या गल्लीत तीसेक माणसं डोक्यावरून पाणी गाळत उन्हात उभी होती, आणि मधे काका ओरडत होते, "काढू नका रे! वाळू द्या!" डिसेंबरात दूधवाला राखाडी बेरेट घालून आला, तेव्हा त्यांच्या बंद दाराकडं बघून त्यानं उगाच एकदा घंटा वाजवली.

काका फोन करायचे. "इथं बेरेट घालायला एसी हाय, पर बघायला माणूस नाय," म्हणायचे. निळीचं काही आलं का, हे मी विचारत नसे, तेही काढत नसत.

गेल्या आठवड्यात फोन आला. आवाज चढलेला. जावयानं पत्र वाचून दाखवलं होतं. त्या जाणकारांनी लिहिलं होतं: बेरेट खरी आहे, जुनी आहे, पण अशा माझ्याकडं आठ आहेत. देठ मात्र असा कधी बघितला नाही. ही पहिल्या खोलीत, दाराजवळ मांडली आहे. खाली पाटी लावायची आहे. हे सूत कुठल्या मेंढीचं, आणि कातणाऱ्याचं नाव काय?

"मेंढीचं मी सांगतो," काका म्हणाले. "तू बापाचं नाव सांग. पुरं सांग. डोक्याचं माप नको."

मी नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. खाली गाव सांगितलं. आणि त्यांनी विचारलं नव्हतं, तरी म्हणालो, "काका, पुढं मेंढपाळ असंही लिहा."