मामाच्या शेतावरून दोनदा परत

नागपूरच्या फ्लाइंग क्लबात लायसन्स हातात पडलं, त्याच आठवड्यात मी ठरवलं, मामाच्या गावी जायचं तर विमानानंच. गोष्ट साठच्या दशकाच्या सुरुवातीची. गाव राळेगावपासून कोसभर. मी तेवीस वर्षांचा होतो आणि जमिनीवर असतानाही हवेतच असायचो.

मामाला पत्रातून सगळं कळवलं. पडीक शेत किती पावलं लांब हवं, दगड कसे वेचायचे, आणि त्या दिवशी कोपऱ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, पेटवायची, म्हणजे धुरावरून मला वारा कळेल. मामाला वाचता येत नव्हतं, गावातले गुरुजी वाचून दाखवत. महिनाभर तो त्या शेतात राबला. अख्ख्या गावाला सांगून बसला, माझा भाचा इथं उतरणार.

डिसेंबरची सकाळ होती. उघडं, दोन माणसांचं विमान. वर्ध्यापर्यंत रेल्वेचे रूळ धरले, पुढे नदी ओलांडली. तो मुलूख पाहायचा तर याच दिवसांत पाहा. तुरी पिवळ्या झालेल्या असतात, कपाशी फुटलेली असते. पाऊण तासात मामाचा धूर दिसला.

रेडिओ नाही, टॉवर नाही. अशा ठिकाणी वैमानिकाचा सारा कारभार डोळ्यांवर. पट्टी मोकळी दिसली, वेग आणि उंची जमली, तरच उतरायचं. शंका आली की गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून द्यायचं आणि वर जाऊन नवा फेरा घ्यायचा. मी झाडाच्या उंचीवर आलो आणि पाहतो तर पट्टीच्या टोकाला बैलगाडी! थ्रॉटल पूर्ण पुढे ढकलून इंजिनाला सारा जोर, नाक आधी सरळ, वेग आल्यावरच वर. जरा उजवीकडून गेलो, म्हणजे पट्टी डाव्या हाताला दिसत राहते. बैलांवर झुली होत्या. फेटेवाला एक माणूस हात हलवत होता. मामाच.

आता बाजूला होईल म्हणून पुन्हा आलो, तर गाडी पट्टीच्या मधोमध! पुन्हा वर. आणखी एक फेरा घेतला असता तर परतीचं पेट्रोल पुरलं नसतं. तसाच नागपूरला आलो.

संध्याकाळी मी संतापून पत्र लिहिलं: तुमच्या अडाणीपणानं माझा जीव गेला असता, पुन्हा येणार नाही. आज ते शब्द लिहितानाही लाज वाटते.

चार महिन्यांनी आईनं मला जबरदस्तीनं पाठवलं. वर्ध्यापर्यंत रेल्वे, स्टँडवर गरम भजी, मग राळेगावची एसटी. तिकिटाला दोन रुपयेही लागले नाहीत, धूळ मात्र भरपूर मिळाली. कळंबच्या बाजूला जाणारी एक बाई वाटेत भर रस्त्यात हात दाखवून उभी राहिली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.

कंडक्टर ओरडला, "बाई, बाजूले उभी राह्य ना! गाडीखाली येशीन!"

"बाजूले उभी राह्यली तं तू थांबतं का?" ती म्हणाली.

गाडीभर लोक हसले. मला हसू आलं नाही. मामानं काय केलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

घरी मामानं तेच सांगितलं. "तुले वेशीपासून वाजतगाजत न्याचं होतं, म्हणून गाडी सजोली. पयल्या खेपेले वाटलं, तुले आमी दिसलोच नाही. म्हणून मंधात आणली."

"आणि माझं पत्र?"

"गुरुजीनं वाचलं. सारे बसले होते." एवढं बोलून तो मामीला म्हणाला, "चहा टाक."

शेतात त्यानं पुन्हा नांगर घातला होता.

निघताना तो माझ्या पायाशी वाकला. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, रीतच आहे. दरवेळी मी संकोचून मागे सरकायचो. त्या दिवशी तो वाकला आणि म्हणाला, "चुकलं बापू. माफ कर." मी तसाच उभा राहिलो. वर म्हणालो, "असू दे मामा."

घरी आल्यावर आईनं विचारलं, झालं का सगळं नीट? हो म्हणालो. पुढे कित्येक वर्षं मी पोरांना विमान शिकवलं. शंका आली की वर जा, यात कमीपणा नाही, हे शंभरदा बजावलं. मामाला पत्रात पावलं सांगितली, दगड सांगितले, धूर सांगितला. पट्टीवर उभं राहू नका, एवढंच सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. ते मी कधीच कबूल केलं नाही. त्या भेटीनंतर पुढच्याच वर्षी मामा वारला, चूक आपलीच होती असं समजून.