दोन्हीकडचे मामा एकाच चौकटीत

हसा, हसा! पण स्वतःच्याच लग्नाच्या पत्रिकेचं वाटोळं करणारा गाढव तुम्ही दुसरा पाहिला नसेल.

मी महाळुंगे पडवळचा, नवरी आळ्याची. घोडेगावचा प्रेसवाला सांगत होता, "भाऊ, नावं द्या, मी बसवतो." पण मी पडलो पुण्यातला नवा कॉम्प्युटरवाला. अंगात मस्ती ना राव! म्हटलं, कॉम्प्युटरवर नावांच्या यादीची एक एक्सएमएल फाईल करतो, तिला मांडणीचे नियम सांगणारी स्टाईलशीट लावतो. त्यातूनच पत्रिका, त्यातूनच वेबसाइट! ती बघणार कोण होतं, देव जाणे.

फाईलीत सगळं एकाच पातळीवर, एकाखाली एक. 'मामा' हे शीर्षक, खाली मामांची नावं. मग 'बंधू', खाली भावांची. आधी माझ्याकडची सगळी, मग तीच शीर्षकं पुन्हा घालून तिच्याकडची. प्रत्येक नव्या शीर्षकाला नवा गट पाड, एवढंच कॉम्प्युटरला सांगायचं होतं. मी शहाण्यानं सांगितलं, सारख्या शीर्षकाखालचे सगळे एकत्र कर. त्यानं केले! दोन्हीकडचे मामा एका चौकटीत, दोन्हीकडचे भाऊ एका चौकटीत. आणि मी न वाचता छापून, वाटूनही मोकळा.

लगेच नवरीचे थोरले मामा दारात हजर. पत्रिका आपटलीच.

"मी हिचा मामा का ह्याचा? दोघांचं मामा येकच! म्हंजी नवरा-नवरी भाऊ-बहीण झाली का न्हाई?"

"मामा, ते गटांचं जरा चुकलं…"

"जरा? आळ्यात लई हसत्यात लोक! मी नवरीमागं उभा ऱ्हाणार न्हाई."

संपलं! मामाच नाही तर लग्न लागणार कसं? आई रडायला लागली. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. सरळ पाय धरले. "मामा, नवी छापतो, घरोघर जाऊन देतो!"

"म्हंजी आनखी हसतील. आता छापलंय त्येच खरं धरायचं. कार्डावरचं समदं मामा, समदं भाऊ दोघांचंबी. कबूल?"

न होऊन सांगतो कुणाला! कबूल झालो. मामा नवरीमागं उभे राहिले, लग्न लागलं, जीव भांड्यात पडला.

मग आली कानपिळी. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. तिला भाऊ एकच, तोही गरीब स्वभावाचा. मी बिनधास्त कान पुढं केला.

"थांबा!" मामा गरजले. "पत्रिका आना. बंधू वाचा!"

झालं! चुलत, आते, मावस, माझीच सगळी भावंडं नवरीचे भाऊ म्हणून रांगेत उभी. आणि सगळ्यात पुढं, बाह्या सारून, कोण असेल? माझा सख्खा भाऊ!