मांडवापुढचे दगड

माझ्या संशोधनाचा प्रश्न सांगायला सोपा आहे. दरेकसाच्या डोंगरात ज्वालामुखीचे दोन प्रकारचे खडक थरांनी एकावर एक बसलेत, काही लाल, काही काळे. दोन्ही एकाच शिलारसातून आले की वेगवेगळ्या? उत्तर त्यांच्या रसायनात आहे, पण कुठला दगड कुठल्या थरातला हे माहीत असेल तरच. नाहीतर ती नुसती गिट्टी.

म्हणून दगड फोडून मुठीएवढा केला की मी त्यावर मार्करने नंबर घालते. सगळ्यात ताजे नमुने मिळाले ते रेल्वेच्या नव्या लाइनसाठी डोंगर कापला तिथे. नंतर त्या कापावर सिमेंट चढलं, म्हणजे ते पुन्हा मिळणं नाही.

मुक्कामाच्या घरी पडवीत नमुन्यांची पोती ठेवून मी दोन दिवस गोंदियाला गेले. त्या घरात मुलीचं लग्न होतं. परत येऊन बघते तर पोती रिकामी, आतल्या कापडी थैल्या धुऊन दोरीवर वाळत घातलेल्या आणि माझे दगड रस्त्यापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंना ओळीनं मांडलेले. सगळ्यांना चुना फासलेला, वर गेरूचे ठिपके! मी तिरोड्याचीच. लग्नघरापुढची वाट अशी सजवतात हे मला काही नवं नाही. पण म्हणून काय या डोंगरातले बाकीचे दगड संपले होते?

"काऊन केलं हे?" मी ओरडलेच.

नवरीची आई हसत म्हणाली, "तुमचे दगड एका मापाचे होते जी. आमच्या वावरातले वाकडेतिकडे."

"अहो, यांच्यावर नंबर होते! नंबर गेले तर माझं सगळं काम गेलं."

तिचा चेहरा उतरला. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि दोन महिने तिच्याच हातचं जेवत असल्यामुळे तो धड काढताही येत नव्हता. नुसती चिडचिड. फोनला रेंज नाही म्हणून स्टेशनापर्यंत तणतणत चालत गेले आणि माझ्या गाइडना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मार्कर चुन्याखाली शाबूत असेल. घासू मात्र नकोस. पाण्यात भिजत घाल, चुना आपोआप सुटेल."

जिवात जीव आला. जवळजवळ पळतच परतले.

मांडवात लग्नाला आलेल्या बायका गोल करून बसल्या होत्या. मधे राखेचं घमेलं, प्रत्येकीच्या हातात भांडी घासायची तारेची घासणी. नवरीच्या आईनं कपाळावरचा घाम पुसला आणि एक लाल दगड माझ्या हातात ठेवला. मी तो उलटसुलट करून पाहिला.

"रागावू नका म्याडम," ती म्हणाली. "पाहून घ्या आता, एकावरही डाग नाही राहिला."