लाल नट

दिल्लीच्या वर्कशॉपला माझं पोस्टिंग आलं तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. एकाहत्तरची लढाई होऊन काही वर्षं झाली होती आणि त्याआधीची सलग तीन वर्षं मी पहाडात काढली होती. दिल्ली म्हणजे चैन, असं सगळे सांगत होते. चैन अशी की साडेपाचला पीटी, साडेसातला फॉल-इन आणि आठपासून संध्याकाळपर्यंत कोपरापर्यंत ग्रीस. फरक एवढाच की इथे चहात दूध दिसायचं.

आमच्याकडे जुने थ्री-टन ट्रक होते. त्यांच्या चाकांबद्दल आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. साध्या ट्रकच्या चाकाची रिम एकसंध असते. या ट्रकचं चाक दोन भागांचं होतं. दोन पोलादी थाळ्या एकमेकींना लावून कडेनं बारा नटांनी आवळलेल्या, आणि टायर त्या दोघींच्या मध्ये धरलेला. मधल्या छोट्या गोलात आणखी सहा नट. ते चाकाला गाडीशी धरून ठेवायचे. चाक बदलायचं तर मधले सहा खोलायचे. कडेचे बारा मात्र टायरमध्ये हवा असताना कधीही खोलायचे नाहीत. खोलले तर आतली हवा थाळी उडवते आणि समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून ते बारा नट लाल रंगवलेले असायचे. सगळी गाडी ऑलिव्ह ग्रीन, आणि प्रत्येक चाकावर तेवढे बारा लाल ठिपके.

माझ्यानंतर दोन महिन्यांनी नाईक सॅम्युअल साळवे आला. ड्रायव्हर. नगरकडचा. सगळ्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे पहिल्या दिवशीच गट्टी जमली. मी वयानं आणि रँकनं मोठा, म्हणून तो मला 'उस्ताद' म्हणायचा. त्याची बायको रूथ हिंदूरावला नर्स होती. हॉस्पिटलचं नाव ऐकून तिला वाटलं होतं की तिथे निम्मा स्टाफ मराठी असणार. पहिल्या दिवशी ती सगळ्या वॉर्डांत फिरली आणि तिला एकही मराठी माणूस सापडला नाही. हा किस्सा साळवे रंगवून सांगायचा आणि रूथवहिनी त्याला लाटणं दाखवायच्या.

माझं कुटुंब गावी होतं. रविवारी मी त्यांच्या क्वार्टरवर जेवायला जायचो. साळवे माणूस लाख, पण घरात विसराळू. टोपी विसरायचा, किल्ली विसरायचा, एकदा तर सायकल बाजारात ठेवून चालत घरी आला. वहिनी त्याला धांदरट म्हणायच्या. "अहो धांदरट, बुटाची नाडी!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की ते त्याचं पूर्ण नाव वाटावं. पण स्टिअरिंगवर बसला की हा माणूस वेगळाच. सांगितलेलं अक्षरन् अक्षर पाळणारा.

आधीच्या युनिटमध्ये त्यानं एकसंध रिमच्या गाड्या चालवल्या होत्या. आमच्या ट्रकची चाकं त्याला नवीन. एका गुरुवारी त्याला चाकापाशी बसवून मी सांगितलं, "हे लाल बघ. लाल नटाला हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते खोल."

"लाल सोडून सगळे. समजलं, उस्ताद."

एवढंच शिकवलं मी. कडेचे कशासाठी, मधले कशासाठी, हे नीट समजावून सांगायला दहा मिनिटं लागली असती. कँटीनची वेळ झाली होती.

पुढच्या सोमवारी इन्स्पेक्शन होतं. शनिवारी सकाळी मेजर साहेबांचा हुकूम आला: सगळ्या गाड्यांची चाकं फिनिश करा, १६०० वाजेपर्यंत. मी चाकं खरवडली, रॉकेलनं पुसली, प्राइमर मारला आणि स्प्रे गननं ऑलिव्ह ग्रीनचे दोन हात दिले. नट झाकत बसलो नाही. हिरवा वाळला की ब्रशनं लाल लावून घेऊ, असा माझा हिशेब होता. मग स्टोअरला गेलो, तर लाल रंगाचा डबा तळाला सुकून दगड झालेला. नवा डबा सोमवारी दुपारी मिळणार होता.

मेजर साहेब राउंडला आले. एका ओळीत आठ ट्रक, एका रंगात, डागविरहित. ते म्हणाले, "व्हेरी स्मार्ट, जगताप."

"सर, नट लाल करायचे राहिलेत."

"इन्स्पेक्शननंतर करा. आता छान दिसतंय."

मला ते खरंच छान दिसत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण दिसत होतं. हात पाठीमागे बांधून मी पाच मिनिटं माझं काम बघत उभा राहिलो. सगळ्या ड्रायव्हरना बोलावून एकदा सांगावं, हे माझ्या मनात आलं आणि गेलं.

सोमवारी १०४० वाजता इन्स्पेक्शन करणारे साहेब साळवेच्या ट्रकपाशी थांबले. त्यांच्या हातात स्टॉपवॉच होतं.

"ड्रायव्हर, चेंज व्हील. टाइम स्टार्ट."

मी वर्कबेंचपाशी, तीस पावलांवर. साळवेनं जॅक लावला, पाना घेतला. माझं लक्ष त्याच्या पायाकडे, नाडी बांधलीय की नाही ते बघत होतो. बांधलेली होती. मग त्याच्या हाताकडे बघितलं. पाना कडेच्या नटांवर फिरत होता. पाच नट आधीच जमिनीवर होते.

मी ओरडलो, "साळवे, रुक!"

त्यानं मान वर केली. मग आवाज झाला.

हॉस्पिटलमध्ये तो संध्याकाळपर्यंत होता. वहिनी हिंदूरावहून ड्यूटीच्या कपड्यांतच आल्या. एकदा त्यानं डोळे उघडले आणि मला विचारलं, "उस्ताद, टाइम किती झाला?"

त्याला ड्रिलचा टाइम हवा होता. स्टॉपवॉच कोणी थांबवलंच नव्हतं. मी म्हटलं, "फर्स्ट क्लास झाला." त्याला बरं वाटलं, हे त्याच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. १७४० वाजता तो गेला.

चौकशी आठ दिवसांनी झाली. तोवर लाल डबा आला होता आणि सगळ्या गाड्यांचे नट मीच रंगवून टाकले होते. फुटलेलं चाक भंगारात गेलं होतं. मला दोन प्रश्न विचारले गेले.

"लाल नट खोलायचे नाहीत, हे जवानाला सांगितलं होतं?"

"येस सर."

"कोणी?"

"मी, सर."

त्या दिवशी नट लाल होते का, हे कोणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. मेजर साहेबांची बदली झाली होती. माझ्या प्रमोशनचे कागद पुढे गेले होते. अहवालात लिहिलं गेलं की जवानानं घाईत चुकीचे नट खोलले. दोन्ही उत्तरं खरी देऊन मी खोटं बोललो होतो.

वहिनी दिल्लीतच राहिल्या. नोकरी होती, पोटात मूल होतं. मुलगी झाली, शिकली, लग्न होऊन गेली. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो तेव्हा माझी मुलं दिल्लीत लागली होती, म्हणून मयूर विहारला फ्लॅट घेतला. वहिनींचा फ्लॅट तिथून दोन गल्ल्या पलीकडे. दिवाळीला आमच्याकडचा फराळ त्यांच्याकडे, नाताळात त्यांच्या करंज्या आमच्याकडे. भाऊबीजेला त्या मला ओवाळतात. चर्चमध्ये कोणी नाक मुरडलं तर म्हणतात, "ओवाळायला ताट लागतं, परवानगी नाही."

त्यांच्या हॉलमध्ये साळवेचा फोटो आहे, टोपीतला. येता-जाता त्या त्याला बोलतात. दूध उतू गेलं की, "बघा, तुमच्यासारखं झालं माझं." नातवंडं पळताना पडली की, "आजोबावर गेलीत, धांदरट." आणि कधीकधी, कोणी नाही असं वाटून, हळूच: "एवढी कसली हो घाई होती?"

मी सोफ्यावर असायचो. चहा प्यायचो. असं कित्येक वर्षं चाललं.

गेल्या वर्षी नोएडाचे एक गृहस्थ मला शोधत आले. मेहरा. मीडियाच्या ऑफिसातून रिटायर झालेले, जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी लिलावातून आमच्या जातीचा थ्री-टन उचलला होता आणि त्याची चाकं करून देणारा माणूस त्यांना मिळत नव्हता. मी मेट्रोनं त्यांच्या शेडवर गेलो. ट्रक विटांवर उभा होता, चाकं भिंतीला टेकलेली. मी हात फिरवला आणि हो म्हणालो. बायको म्हणाली, या वयात? मी म्हटलं, ट्रकचं वय माझ्याएवढंच आहे, त्याला कोणी विचारतंय का?

आधी टायर उतरवले. मग वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, आधी जाड, मग बारीक. पोलादावर रंगाचे थर होते. वरचा पिवळट, त्याखाली हिरवा, त्याखाली आणखी हिरवा. तिसऱ्या दिवशी कडेचा एक नट खरवडत होतो. हिरव्याखालून लाल निघाला. दुसरा खरवडला, लाल. बाराही. कोणीतरी या चाकावरही वरून हिरवा मारला होता.

मी पेपर खाली ठेवला आणि तिथल्या स्टुलावर बसून राहिलो. मेहरांनी विचारलं, "सूबेदार साहब, तबीयत तो ठीक है?"

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. ते पुढे म्हणाले, "नट-वट सब एक ही कलर में कर दीजिए. एकदम क्लीन लुक आएगा."

"नट लाल होंगे."

"अरे, शो के लिए ही तो है. चलानी थोड़ी है."

"लाल नहीं तो चक्का मैं नहीं करूँगा." माझा आवाज चढला होता.

"अच्छा अच्छा, लाल. बिल्कुल लाल. आप तो नाराज़ हो गए, यार."

तिथून मी घरी गेलो नाही. सरळ वहिनींकडे गेलो. साडेचार वाजले होते. त्या मटार सोलत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. गुरुवारची शिकवणी, शनिवार, स्प्रे गन, सुकलेला डबा, मेजर साहेब, चौकशीतले दोन प्रश्न. रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं मला ते सांगता आलं नसतं.

त्यांचे हात थांबले.

"तुम्ही त्याला काय सांगितलं होतं, भाऊजी? त्या गुरुवारी. नेमकं सांगा."

"लाल नटाला हात लावायचा नाही. बाकी काय वाटेल ते खोल."

"आणि लाल एकही नव्हता."

"नाही."

"म्हणजे त्यानं तुमचं ऐकलं."

"हो."

त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी त्याला इतकी वर्षं बोलले. रोज बोलले." त्यांनी मटार बाजूला सारले. "तो धांदरट नव्हता."

"नव्हता, वहिनी."

"तुम्ही जा आता."

मी गेलो. त्यानंतर अकरा दिवस त्यांनी माझा फोन उचलला नाही. बायकोनं डबा पाठवला, तो परत आला नाही आणि निरोपही आला नाही. मी शेडवर जात राहिलो. थाळ्यांना रेड ऑक्साइडचा प्राइमर मारला, घासला, पुन्हा मारला. ऑलिव्ह ग्रीनचे तीन पातळ हात दिले, प्रत्येकाला पूर्ण वेळ देऊन. त्या शनिवारी जी घाई केली होती ती या वेळी कुठेही केली नाही. टायर बसवले, कडेचे नट आवळले. लाल रंगाचा नवा डबा मी स्वतः बघून आणला होता, पण तो उघडायला हात होत नव्हता.

बाराव्या दिवशी सकाळी शेडच्या दारात ई-रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या. हातात आमचा डबा, धुतलेला आणि भरलेला. मेहरा पुढे झाले, "जी मैडम?"

"लाल रंग किधर है?" वहिनी म्हणाल्या.

मी डबा उघडून दिला. ब्रश दिला. स्टूल चाकापाशी ठेवलं. माझ्याकडे न बघता त्या बसल्या आणि पहिला नट रंगवायला घेतला. ज्या हातांनी हजारो इंजेक्शनं दिली त्यांना ब्रशची सवय नव्हती. एकेका नटाला मिनिटभर लागत होतं. मी शेजारी डबा धरून उभा होतो. सातव्या नटावर रंग जास्त झाला आणि एक ओघळ हिरव्यावरून खाली उतरला. मी सवयीनं थिनरचं फडकं पुढे केलं.

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "दिसू दे."

मी फडकं खिशात घातलं. त्यांनी बाराही नट पुरे केले, मग पुढचं चाक मागितलं. दुपारी आम्ही तिथेच डबा उघडला. मटारची उसळ होती.

तो ट्रक आता शोमध्ये जातो. एका चाकावर लाल ओघळ आहे. लोक मेहरांना विचारतात आणि ते सांगतात की हमारे सूबेदार साहब पोंछने नहीं देते.

चौकशीच्या अहवालात जे लिहिलं गेलं ते आता मला बदलता येणार नाही. म्हणून इथे लिहितो. नाईक सॅम्युअल साळवे, ड्रायव्हर, दिल्ली, सोमवार, १७४० वाजता. लाल सोडून बाकीचे नट खोलायचे, असा त्याला हुकूम होता. हुकूम मी दिला होता. त्यानं तो अक्षरन् अक्षर पाळला.