डागमावशीची हनुवटी

आभाळ सकाळपासूनच कुंद होतं. म्हणजे कपडे आत वाळवायचे, म्हणजे लाँड्रीभर दमट वाफ आणि मालकाची चिडचिड. तिथे डाग काढणाऱ्या डागमावशीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कॉलरवरची काळी रेघ, खिशातली शाई, मेजपोशावरचा चहा, सगळं तिच्या टेबलावर यायचं आणि नामोहरम होऊन जायचं. तिची रीत एकच: औषध लाव, मुरू दे, ब्रशने घास. हटला नाही तर पुन्हा लाव, जास्त मुरू दे.

दुकानाला नवी पाटी लागणार होती आणि पाटीवर मावशीचा फोटो. शनिवारी फोटोवाला येणार, आणि नेमकं त्याच आठवड्यात तिच्या हनुवटीवर मुरमांनी बिऱ्हाड थाटलं.

मालकाने चष्मा वर करून पाहिलं. "डाग काढणाऱ्या बाईचं तोंड असं? शनिवारपर्यंत निस्तरा मावशी. नाहीतर आमच्या सूनबाईंचा फोटो लावतो."

सूनबाईंनी जन्मात रुमाल पिळला नव्हता. मावशीच्या मस्तकात तिडीक गेली. दुपारीच तिने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून मुरमांचा फेसवॉश आणला. तिथेच इस्त्री करणाऱ्या तिच्या नणंदेने ट्यूब उलटसुलट केली. "वहिनी, यावर तारुण्यपीटिका लिहिलंय. तुमचं तारुण्य गेलेलं त्यांना कुणी कळवलं नाही वाटतं."

"वन्सं, तुम्ही इस्त्रीकडे बघा. जीभ भाजेल."

ट्यूबवर बारीक अक्षरांत आणखीही बरंच होतं. पण मावशीला डागाबद्दल ट्यूब काय शिकवणार? तिने फेस केला, मुरू दिला, नखं साफ करायच्या ब्रशने घासला. फरक दिसेना. मग बोटभर जाड थर थापून, वर टॉवेल बांधून तशीच झोपली.

सकाळी हनुवटी लालबुंद, सालपटं निघालेली, आग आग. आणि गडद निळ्या टॉवेलवर पांढुरके ढग. तिने टॉवेल आधी टेबलावर घेतला, तोंड नंतर. घासून घासून थकली, तेव्हा कळलं, हा डाग नव्हेच. रंगच उडालाय. टॉवेल काखोटीला मारून ती औषधवाल्याकडे गेली.

"हे तुमच्या ट्यूबने केलं."

औषधवाल्याने टॉवेल पाहिला, मग हनुवटी. "ताई, रात्रभर ठेवलंत?"

"मुरायला नको?"

"ते लोणचं आहे का?" तो हसू दाबत म्हणाला. "यातलं औषध कापडाचा रंग खातं, म्हणून पांढरा टॉवेल वापरायचा. आणि तोंडाला चिमूटभर, बोटांनी हलकं चोळायचं, ट्यूबवर सांगितलंय तेवढाच वेळ, मग कोमट पाण्याने स्वच्छ धुवायचं. डोळे आणि ओठ सोडून. ब्रश तर नावालाही नको."

"मग आता?"

"आता बंद. आग थांबेपर्यंत नुसतं पाणी आणि साधं क्रीम. नंतर दिवसाआड सुरू करा, सोसलं तर रोज एकदा. उन्हात जाताना सनस्क्रीन. तोंड सुजलं, फोड आले किंवा श्वास लागला तर माझ्याकडे नको, सरळ डॉक्टरकडे पळा."

"शनिवारपर्यंत जातील?"

"काही आठवडे लागतात, ताई. ही कॉलर नाही."

शनिवारी आग निवली होती, लाली थोडी, दोन पुळ्या जागच्या जागी. मालकाने खरंच सूनबाईंना आणलं होतं, पावडर लावून. फोटोवाल्याने त्यांच्या हाती डागाच्या औषधाची बाटली दिली. त्या वासाने सूनबाईंनी नाक दाबलं, डोळे मिटले. प्रत्येक फोटोत मिटलेले.

"बाटलीला सुतक लागलंय का काय," नणंद पुटपुटली.

मालकाने कपाळाला हात लावला. "मावशी, या तुम्हीच."

मावशी टेबलामागे उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, "पुळ्या नंतर पुसून टाकतो हो, काळजी नको."

"हात लावू नका," मावशी म्हणाली. "पाटीवर एक तोंड आणि दुकानात दुसरं. गिऱ्हाईक म्हणेल, हे कपडेही बदलून देतात."

मालक आधी गुरगुरला, मग त्यालाही हसू फुटलं. फोटो निघाला. मावशीने तो बघितलाही नाही. समोर शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. तिने वरचा शर्ट ओढला, कॉलर उलटी केली आणि ब्रश पाण्यात बुडवला.